कॅनडाच्या आदिवासी वस्त्यांमधल्या तरुणी वीजप्रकल्प चालवतात, म्हणजे नेमकं काय करतात?

विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: कॅनडातल्या फर्स्ट नेशन्स आणि इन्युइट या आदिवासी समाजांतल्या विशी-तिशीतल्या मुली आपल्या वस्तीच्या स्वच्छ ऊर्जा प्रकल्पांचं नेतृत्व करतात, असं वारंवार वाचनात येतं. त्यांतल्या बऱ्याच जणी इंजिनीअर नसतात. मग त्या नेमकं काय करतात, आणि ते शिकतात कुठे? हे नेतृत्व खरं असतं की फोटोपुरतं? आणि मुलीच का दिसतात?

मी गेली बरीच वर्षं उत्तर कॅनडातल्या ग्रिडबाहेरच्या, म्हणजे देशाच्या वीजजाळ्याला न जोडलेल्या वस्त्यांसाठी मायक्रोग्रिडचे, म्हणजे वस्तीपुरत्या छोट्या वीजजाळ्यांचे आराखडे करतो आहे. फोटोपुरतं नेतृत्वही पाहिलं आहे, त्यावर पुढे येतो. पण जे प्रकल्प टिकले, त्यांतल्या बहुतेकांमागे अशी एखादी तरुणी होती. माझ्याजागी दुसरा इंजिनीअर सहज मिळाला असता, तिच्याजागी दुसरी कोणी मिळाली नसती.

आधी परिस्थिती समजून घ्या. कॅनडात अडीचशेहून जास्त वस्त्या देशाच्या वीजजाळ्याला जोडलेल्या नाहीत, आणि त्यांतल्या बहुसंख्य फर्स्ट नेशन्स, इन्युइट किंवा मेटी (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) लोकांच्या आहेत. वस्तीच्या कडेला एक पॉवरहाउस, आत तीन-चार डिझेल जनरेटर, शेजारी टाक्या. डिझेल उन्हाळ्यात बार्जने, म्हणजे मालवाहू तराफ्याने येतं, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून आखलेल्या बर्फाच्या रस्त्याने टँकरमधून येतं, आणि काही ठिकाणी तर विमानाने आणावं लागतं. हिवाळे उबदार होत चालले तसा तो बर्फाचा रस्ता उशिरा उघडतो आणि लवकर बंद होतो.

बाहेरच्या माणसाला यात फक्त धूर आणि खर्च दिसतो. वस्तीतल्या माणसाला आणखी एक गोष्ट दिसते. जनरेटरची क्षमता संपत आली की वीज कंपनी नव्या जोडण्या थांबवते. घर बांधून तयार असतं, पण मीटर मिळत नाही. एका घरात तीन कुटुंबं राहत असतात आणि समोर नवं घर रिकामं उभं असतं. म्हणजे विजेचा प्रश्न सगळ्यात आधी पॉवरहाउसमध्ये दिसत नाही, तो वस्तीच्या घरबांधणी खात्यात, दवाखान्यात आणि शाळेत दिसतो. आणि त्या टेबलांमागे बहुतेक वेळा तरुण मुली बसलेल्या असतात. ‘मुलीच का’ या तुमच्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला भाग इथेच आहे.

या क्षेत्रात सर्वांना माहीत असलेलं एक उदाहरण घेतो. अल्बर्टा प्रांतात उत्तरेला लिटल बफेलो नावाची लुबिकॉन क्री लोकांची वस्ती आहे. आजूबाजूला तेलाच्या विहिरी आणि पाइपलाइनचं जाळं. २०११च्या एप्रिलमध्ये तिथून जवळच रेनबो पाइपलाइन फुटली आणि सुमारे २८,००० पिंपं तेल सांडलं. वासाने मुलांना मळमळायला लागलं म्हणून शाळा बंद ठेवावी लागली. मेलिना लाबुकान-मासिमो त्याच वस्तीची. तेलाविरुद्धच्या मोहिमांमध्ये तिने अनेक वर्षं काम केलं होतं. २०१५मध्ये, तिशीत असताना, व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या पदव्युत्तर शिक्षणाचा भाग म्हणून तिने वस्तीच्या आरोग्यकेंद्रासाठी २०.८ किलोवॅटचा सौरप्रकल्प उभा केला. ८० पॅनेल. नाव पिटापान.

२०.८ किलोवॅट म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. त्या अक्षांशावर वर्षाला वीस-बावीस हजार युनिटांच्या आसपास. आजूबाजूच्या तेलधंद्यापुढे हा आकडा काहीच नाही, आणि तसं तेव्हा बऱ्याच जणांनी बोलूनही दाखवलं. माझं मत वेगळं आहे. ‘तेल नको तर मग काय हवं’ हा प्रश्न त्या वस्तीला अनेक वर्षं बाहेरचे लोक विचारत होते. त्याचं उत्तर आरोग्यकेंद्राच्या दारात उभं राहिलं आणि ते वस्तीचं स्वतःचं होतं. पुढे तिने सेक्रेड अर्थ सोलर ही संस्था सुरू केली आणि इतर समाजांमध्येही असंच काम केलं. पहिला प्रकल्प लहान असणं हा दोष नव्हे. लहान प्रकल्पात माणसं तयार होतात, आणि दुसरा मोठा करता येतो.

आता ‘नेमकं काय करतात’ याकडे वळतो. माझ्याच कामातला एक प्रसंग सांगतो, वस्तीचं नाव देत नाही. आमच्या चमूने ५०० किलोवॅटचा सौर आराखडा तयार करून नेला होता. वर्षभराच्या खपाच्या हिशेबात तो व्यवस्थित बसत होता. बैठकीत वस्तीची ऊर्जा समन्वयक होती, वय चोवीस, शिक्षण समाजकार्याचं. तिने एकच प्रश्न विचारला: “जुलैतल्या रविवारी दुपारी आमच्याकडे लोड किती असतो?” लोड म्हणजे त्या वेळची विजेची मागणी. आमच्याकडे महिन्यांचे आकडे होते, तासांचे नव्हते. तिच्याकडे होते. पॉवरहाउसचा ऑपरेटर नात्याने तिचा मामा. त्याच्या शेजारी बसून तिने दोन उन्हाळ्यांच्या लॉगबुकमधल्या नोंदी एका वहीत उतरवून घेतल्या होत्या. जुलैत शाळा बंद, निम्मी कुटुंबं मासेमारीच्या तळावर. दुपारचा लोड १८० किलोवॅटपर्यंत खाली आलेला.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, ते बघा. डिझेल इंजिन फार कमी लोडवर चालवलं तर सिलिंडर पुरेसा तापत नाही, न जळलेलं इंधन धुराड्यात साचतं, आत काजळीचा थर धरतो आणि इंजिनाचं आयुष्य घटतं. म्हणून जनरेटर क्षमतेच्या साधारण ३० टक्क्यांखाली जाऊ देत नाहीत. त्या वेळी चालू असणारं सगळ्यात लहान यंत्र २५० किलोवॅटचं, म्हणजे त्याने किमान ७५ किलोवॅट दिलेच पाहिजेत. १८० वजा ७५. सौरविजेला जागा उरते १०५ किलोवॅटची. आमचे ५०० किलोवॅट ऐन उन्हात, सगळ्यात जास्त वीज बनण्याच्या वेळी, बहुतांश बंद ठेवावे लागले असते. आणि हिवाळ्यात, जेव्हा लोड शिखरावर असतो, तेव्हा ऊनच नसतं. त्या वहीने आराखडा बदलला. पॅनेल निम्म्याहून कमी झाले, बॅटरी आली आणि जनरेटर काही तास पूर्ण बंद ठेवता येतील अशी नियंत्रणव्यवस्था आली.

लोक हे ऐकून म्हणतात, हुशार मुलगी होती. होतीच. पण मुद्दा तिच्या हुशारीचा नाही. रविवारी कोण कुठे असतं, मासे कधी येतात, कोणत्या घरात बाळासाठी रात्रभर हीटर चालतो, हे तिला आधीच ठाऊक होतं. लोडचा आलेख म्हणजे वस्तीचं जगणंच असतं, फक्त किलोवॅटमध्ये मांडलेलं. वस्तीच्या माणसाला तो वाचता येतो. आपल्याला आधी विचारावा लागतो.

असे प्रकल्प आकाराने किती असतात याचा अंदाज यावा म्हणून दोन ठिकाणं सांगतो. ओंटारिओत निपिगॉन तळ्याच्या काठी गल बे फर्स्ट नेशन आहे, त्यांचं स्वतःचं नाव किआश्के झागिंग अनिशिनाबेक. तिथे २०१९मध्ये ३६० किलोवॅटचा सौर-बॅटरी मायक्रोग्रिड सुरू झाला. ओंटारिओ पॉवर जनरेशन या वीज कंपनीसोबत उभा केला, पण मालकी फर्स्ट नेशनची. वर्षाला सुमारे १,१०,००० लिटर डिझेल वाचेल असा अंदाज जाहीर झाला होता. तुम्ही स्वतः पडताळून पाहा: दर किलोवॅटमागे वर्षाला अकराशे युनिटांच्या आसपास धरलं तर जवळपास चार लाख युनिट होतात, आणि एका लिटरमधून साधारण साडेतीन युनिट निघतात. हिशेब जुळतो. कोणत्याही प्रकल्पाची बातमी वाचलीत की हा भागाकार करून बघा, फुगवलेले आकडे लगेच कळतात.

दुसरं ठिकाण कॅनडाच्या वायव्य टोकाच्या युकॉनमधलं ओल्ड क्रो, व्हुंटुट ग्विचिन लोकांची अडीचशेच्या आसपास माणसांची वस्ती. तिथे रस्ताच जात नाही, डिझेल विमानाने येतं. आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला २०२१मध्ये त्यांनी ९४० किलोवॅटचा सौरप्रकल्प सुरू केला. वर्षाच्या विजेच्या गरजेपैकी साधारण पाव भाग त्यातून भागतो आणि उन्हाळ्यात काही काळ जनरेटर पूर्ण थांबतात. ते थांबले की काय होतं, हे अशा वस्तीत उभं राहून अनुभवावं. अनेक दशकं रात्रंदिवस चाललेली घरघर थांबते आणि नदीचा आवाज येतो. म्हाताऱ्या माणसांना तो आवाज आठवत असतो, मुलांना नसतो.

ओल्ड क्रोच्या प्रकल्पात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो वीज कंपनीसोबतचा २५ वर्षांचा वीजखरेदी करार. याच टप्प्यावर खरी लढाई असते आणि समन्वयक मुलींचा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो. वस्तीने बनवलेल्या सौरविजेला कंपनी सहसा वाचलेल्या डिझेलाइतका दर देते. पण वाचलेलं डिझेल म्हणजे काय? फक्त डेपोतला खरेदीदर? की त्यावरचं विमानाचं भाडं, टाकीतल्या साठ्यात अडकलेला पैसा आणि जनरेटर कमी तास चालल्यामुळे लांबलेलं ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन उघडून करायची मोठी दुरुस्तीही? या व्याख्येवर प्रकल्प कर्ज फेडतो की बुडतो, हे ठरतं. एका वस्तीत मी एका मुलीला तीन वर्षांच्या मालवाहतुकीच्या पावत्या फायलीत लावून वाटाघाटीला आलेली पाहिली. त्या दिवशी दर वाढवून मिळाला तो त्या पावत्यांवर. मी संगणकावर केलेल्या सिम्युलेशनची छापील प्रत कोणी उघडलीही नाही.

पैशाचा दुसरा अडथळा कायद्यातच आहे. फर्स्ट नेशन्सना लागू असलेल्या १८७६च्या इंडियन अॅक्टनुसार रिझर्व्हवरची, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनीवरची, फर्स्ट नेशनची मालमत्ता बाहेरच्या सावकाराला जप्त करता येत नाही. ही तरतूद जमिनी वाचवणारी आहे आणि ती हवीच. पण बँकेला तारण मिळत नाही, म्हणून कर्ज मिळत नाही. त्यामुळे बराच काळ साचा एकच राहिला: बाहेरची कंपनी प्रकल्प बांधणार, वस्तीला भाडं आणि फीत कापायचं आमंत्रण. आता संघराज्य सरकारची अनुदानं आहेत, फर्स्ट नेशन्सनी एकत्र येऊन रोखे बाजारातून पैसा उभा करण्याची त्यांची स्वतःची संस्था आहे, कर्जहमीच्या योजना आल्या आहेत. त्यामुळे मोठी मालकीही शक्य झाली. क्वेबेकच्या गास्पे भागातला १५० मेगावॅटचा मेसगिग उगजुसन हा पवनप्रकल्प मिगमाक समाज आणि एका विकासक कंपनीच्या निम्म्या-निम्म्या भागीदारीचा आहे. ओंटारिओतल्या वाटायनिकानेयाप या सुमारे १,८०० किलोमीटरच्या वीजवाहिनीत २४ फर्स्ट नेशन्सची मिळून ५१ टक्के मालकी आहे. तिच्यावरची पिकान्जिकम ही वस्ती २०१८च्या डिसेंबरात ग्रिडला जोडली गेली.

आता ‘मुलीच का’ याचा दुसरा भाग. ‘स्त्रिया निसर्गाच्या जास्त जवळ असतात’ असं उत्तर देणारे लेख मला पटत नाहीत, आणि ज्यांच्यासोबत काम केलं त्यांनाही पटत नव्हते. पाण्याची, जमिनीची जबाबदारी स्त्रियांकडे असण्याची परंपरा अनेक समाजांत आहे आणि ती गंभीरपणे पाळली जाते. पण त्या परंपरेवर कायद्याने काय केलं, ते आधी बघायला हवं. इंडियन अॅक्टने १९५१पर्यंत स्त्रियांना वस्तीच्या कौन्सिलच्या निवडणुकीत मतदानच करू दिलं नाही, उभं राहणं दूरच. समाजाबाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं तर १९८५पर्यंत फर्स्ट नेशनची सदस्य म्हणून स्त्रीची कायदेशीर ओळखच जात असे. ओळखीसोबत रिझर्व्हवर राहण्याचा हक्कही. पुरुषाने बाहेर लग्न केलं तर त्याचं काहीच जात नसे, उलट त्याच्या बायकोला ती ओळख मिळत असे. म्हणजे आज कौन्सिलपुढे प्रकल्पाचा ठराव मांडणाऱ्या मुलीच्या आजीला कौन्सिल निवडताही येत नव्हतं. माझ्या अनुभवात या मुलींना ‘आम्ही पहिल्या’ असं म्हटलेलं आवडत नाही. मधली काही दशकं जे हिरावलं होतं तेच परत घेतोय, असं त्या सांगतात.

बाकीची कारणं साधी आहेत. शाळेनंतरचं शिक्षण पूर्ण करणाऱ्यांत मुलींचं प्रमाण जास्त. बांधकामातली हंगामी कामं पुरुषांकडे आणि वर्षभराची कार्यालयीन पदं स्त्रियांकडे, अशी विभागणी बऱ्याच वस्त्यांत दिसते. आणि थंडी. गळक्या, बुरशी आलेल्या घरात रात्रभर खोकणाऱ्या मुलाला घेऊन बसणारी बाई ऊर्जेबद्दल बोलते तेव्हा ती पॅनेलबद्दल बोलत नाही, भिंतीबद्दल बोलते.

म्हणून उष्णता. इंजिनीअर म्हणून मला हे उशिरा कळलं. उत्तरेत वीज बनवण्यासाठी जाळलेल्या इंधनाएवढं किंवा त्याहून जास्त इंधन घरं तापवायला जातं. सौरपॅनेल फोटोत छान दिसतात, भिंतीत भरलेलं इन्सुलेशन दिसत नाही. तरीही अनेक तरुणी सुरुवातीलाच घरांचा विषय घेतात: दारात पंखा बसवून हवेची गळती मोजायची, फटी बुजवायच्या, भट्टी बदलायची. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर बेला बेला इथे हाइल्ट्सुक समाजाची वीज आधीपासूनच जलविद्युतची होती, पण घरं डिझेलवर तापत होती. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच समुद्रात नेथन ई. स्टुअर्ट ही टगबोट (दुसरी जहाजं ओढणारी, ढकलणारी बोट) बुडाली आणि एक लाख लिटरहून जास्त डिझेल शिंपल्यांच्या, माशांच्या हक्काच्या जागेत पसरलं. त्यानंतर तिथे घराघरांत हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर आत ओढणारी यंत्रं, बसवण्याच्या कामाला जोर आला. इंधनाची बोटच येऊ नये, हा त्यांचा हिशेब मला कोणत्याही कार्बन-गणितापेक्षा स्पष्ट वाटतो.

‘स्वच्छ’ हा शब्द वापरताना तुम्ही जपून राहावं असं मला वाटतं. मॅनिटोबात १९७०च्या दशकात चर्चिल नदी वळवली तेव्हा साउथ इंडियन लेकची पातळी चढवली गेली, वस्ती हलवावी लागली आणि तिथला व्हाइटफिशचा भरभराटीचा धंदा कोसळला. क्वेबेकच्या जेम्स बे भागात जलाशय भरल्यावर माशांत पारा वाढला. बुडालेल्या मातीतला सेंद्रिय भाग कुजताना जिवाणू पाऱ्याचं मिथिलमर्क्युरी करतात आणि ते माशांच्या अंगात साठत जातं. कागदावर ही सगळी वीज स्वच्छ होती. त्यामुळे वस्तीच्या बैठकीत कोणी तरुणी उठून “मासे खाता येतील ना?” असं विचारते तेव्हा तो भावनिक प्रश्न समजू नका. तो डिझाइनचा निकष आहे. क्वेबेकच्या उत्तरेतल्या नुनाविक भागात इनुकजुआक इथे ७.५ मेगावॅटचा इन्नाविक जलप्रकल्प इन्युइटांच्या भागीदारीत झाला. मोठा जलाशय न बांधता, नदीच्या प्रवाहावर चालणारा.

शिकतात कुठे, हेही विचारलं आहे. इंडिजिनस क्लीन एनर्जी या संस्थेचा २०/२० कॅटॅलिस्ट्स हा उपक्रम २०१६पासून चालतो. दरवर्षी देशभरातल्या वीसेक जणांना प्रकल्पाचं अर्थकारण, करार, वस्तीचं ऊर्जानियोजन शिकवतात, आणि शिकवणाऱ्यांत आधी शिकून गेलेले असतात. आदिवासी तरुणांनी स्वतः चालवलेली सेव्हनजेन ही ऊर्जापरिषद २०१९मध्ये कॅल्गरीत पहिल्यांदा भरली. सात पिढ्यांपुढचा विचार करून निर्णय घ्यायचा, ही हॉडेनोशोनी या आदिवासी राष्ट्रसंघाची शिकवण त्या नावात आहे. अशा ठिकाणी सगळ्यात कामाची गोष्ट मिळते ती फोन नंबरांची यादी. इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारं यंत्र) रात्री दोनला बंद पडला तर युकॉनमधली मुलगी लॅब्राडोरमधल्या मुलीला विचारू शकते.

आता फोटोपुरत्या नेतृत्वाबद्दल. एका वस्तीत प्रकल्प सुरू झाला, उद्घाटनाला समन्वयक मुलगी सर्वांत पुढे होती. चार महिन्यांनी अनुदानाची मुदत संपली आणि तिचं पद संपलं. देखरेखीचा पासवर्ड कंत्राटदाराकडे होता. शरद ऋतूत एक इन्व्हर्टर बंद पडला आणि सात आठवडे कोणाला कळलं नाही. तिला दिसलं असतं, पण तिच्याकडे बघायला स्क्रीनच नव्हता. तेव्हापासून मी कोणताही प्रस्ताव वाचताना तीन गोष्टी शोधतो: समन्वयकाचा पगार प्रकल्पाच्या उत्पन्नातून निघतो की अनुदानातून, देखरेखीच्या यंत्रणेचा ताबा कोणाकडे आहे, आणि खर्चाला मंजुरी देताना तिची सही लागते का. तिन्हींची उत्तरं वस्तीबाहेर जात असतील तर नेतृत्व फोटोपुरतं आहे, मुलगी कितीही समर्थ असली तरी. दोष तिचा नसतो, करार लिहिणाऱ्यांचा असतो. आणि अशा करारांवर काम करणाऱ्यांत मीही होतो.

आणखी एक ओझं आहे ज्याबद्दल कमी बोललं जातं. वस्तीत एकच प्रशिक्षित मुलगी असते. मग अनुदानाचे अहवाल तिनेच लिहायचे, मंत्र्यांच्या दौऱ्यात तिनेच बोलायचं, परिषदांना तिनेच जायचं, घरी आजीची औषधंही तिनेच आणायची. दोन-तीन वर्षांत ती थकते. आता मी दोन माणसांच्या पगाराशिवाय अंदाजपत्रक पुढे पाठवत नाही. निधी देणारे कुरकुर करतात. एक बॅटरी कमी करा, पण दुसरं पद ठेवा, असं मी त्यांना सांगतो.

तुम्हाला या क्षेत्रात यायचं आहे, असं तुम्ही शेवटी लिहिलं आहे. या. पॉवर सिस्टिम तुम्हाला येतेच. वीजखरेदी करार वाचायला शिका, डिझेल जनरेटरची देखभाल प्रत्यक्ष हात काळे करून शिका, आणि सॉफ्टवेअरशिवाय कागदावर लोडचा हिशेब मांडता येऊ द्या, कारण तिथे इंटरनेट जातं. वस्तीने बोलावल्याशिवाय प्रस्ताव घेऊन जाऊ नका. बोलावलं तर पहिली भेट फेब्रुवारीत ठेवा, जुलैत नको. उणे पस्तीसला कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसा, भट्टी किती मिनिटं चालते आणि किती मिनिटं थांबते ते घड्याळ लावून मोजा. तोवर चहा येईल, आणि समोरची मुलगी तिची वही काढेल.